गुडघेदुखी, व्यायाम आणि वजन : वाचकांचे प्रश्न

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिसविषयी, म्हणजे आपण ज्याला गुडघ्याची झीज म्हणतो त्या आजाराविषयी, आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. आमवात हा याहून वेगळा आजार आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांधे आखडलेले राहत असतील किंवा दोन्ही हातांच्या बोटांच्या सांध्यांना सूज येत असेल, तर खालील सल्ला अमलात आणण्यापूर्वी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांत तिसऱ्या ग्रेडची झीज दिसते. दहा दिवस फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मशीनचा शेक घेतला. तेवढ्यापुरते बरे वाटले, पण पुन्हा दुखू लागले. आता डॉक्टर व्यायाम करायला सांगतात, तर शेजारच्या काकू म्हणतात, की जिना चढू नका, फार चालू नका, आहेत ते गुडघे जपून वापरा. झिजलेले गुडघे व्यायामाने आणखी झिजणार नाहीत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काकूंचा सल्ला मायेपोटी दिलेला आहे, पण तो मानू नये. सांध्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते, आणि हा द्रव कूर्चेत आत-बाहेर खेळता राहण्यासाठी सांध्यावर भार येणे व तो पुन्हा उतरणे आवश्यक असते. सतत बसून राहिल्यास ही क्रिया मंदावते. त्याहून मोठे नुकसान स्नायूंचे होते. दुखते म्हणून पाय कमी वापरला जातो, कमी वापरल्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो, आणि तो रोडावला की पावलागणिक बसणारा हादरा झेलायला सांध्याशिवाय कोणी उरत नाही. मग दुखणे वाढते आणि चालणे आणखी कमी होते. हे चक्र जिथे तोडता येते ती जागा म्हणजे स्नायू; कूर्चा नव्हे. व्यायामाने झालेली झीज भरून येत नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. दुखणे मात्र कमी होते आणि जिना, बाजार, बसची पायरी ही रोजची कामे सोपी होतात. आजवरच्या अभ्यासांत व्यायामाने वेदनेत पडणारा फरक साधारणपणे वेदनाशामक गोळ्यांइतका आढळला आहे, आणि गोळ्यांमुळे पोटाला व मूत्रपिंडांना होणारा त्रास त्यात नाही.

एक्स-रेवरील ग्रेडची धास्ती घेऊ नये. चौथ्या, म्हणजे सर्वांत तीव्र, ग्रेडची झीज असूनही दिवसभर शेतात राबणारी माणसे मी पाहिली आहेत आणि एक्स-रे जवळजवळ स्वच्छ असूनही जिना उतरताना रडकुंडीला येणारेही पाहिले आहेत. दुखणे आणि एक्स-रे यांचा मेळ अनेकदा बसत नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वय ४५ किंवा त्याहून अधिक असेल, दुखणे हालचालीशी निगडित असेल आणि सकाळचा ताठरपणा मुळीच नसेल किंवा अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर निदानासाठी एक्स-रे काढण्याची गरज नसते.

आता शेकाविषयी. त्याच सूचनांमध्ये अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल अशा विजेवर चालणाऱ्या उपचारांच्या फायद्याचा पुरेसा पुरावा नसल्याने ते या आजारात देऊ नयेत, असे म्हटले आहे. माझ्या काही फिजिओथेरपिस्ट व्यवसायबंधूंना हे रुचणार नाही, परंतु रुग्णाला टेबलावर झोपवून पंधरा मिनिटे मशीन लावायचे आणि घरी पाठवायचे, ही फिजिओथेरपी नव्हे. घरी गरम पाण्याच्या पिशवीने शेकून जेवढा आराम मिळतो, त्यापेक्षा फार अधिक काही त्यातून मिळत नाही. याउलट, अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांत १५६ रुग्णांवर झालेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. त्यात एका गटाला गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले आणि दुसऱ्या गटाला फिजिओथेरपी, म्हणजे हाताने केलेले उपचार आणि सोबत व्यायाम. वर्षानंतर दुसऱ्या गटाचे दुखणे कमी होते आणि हालचाल सरस होती. तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर, ‘मला कोणते व्यायाम करायचे आहेत आणि ते दर आठवड्याला कसे वाढवायचे आहेत?’ असे थेट विचारावे. याचे उत्तर मिळाले नाही, तर दुसरा दवाखाना शोधावा.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६४ आहे. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ती रोज निराळे व्यायाम करते. दोन दिवस केले की गुडघा दुखतो, मग आठवडाभर सगळे बंद. तिने नेमके कोणते व्यायाम, किती वेळा करावेत? आणि दुखले तर थांबावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या आईंना व्यायामाचा कंटाळा नाही, हे निम्मे काम झाले आहे. चुकते आहे ते मात्रेत आणि सातत्यात. रोज नवा व्हिडिओ पाहण्याऐवजी पाच-सहा व्यायाम ठरवून तेच तीन महिने करावेत आणि फक्त त्यांची अवघडता वाढवत न्यावी.

सुरुवात पलंगावर बसून करावी. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबावा, मांडीचा स्नायू घट्ट होऊ द्यावा, पाच ते सहा आकडे मोठ्याने मोजावेत आणि सोडावे. मोठ्याने मोजायचे ते श्वास रोखला जाऊ नये म्हणून. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विशेष पाळावे. पुढचा व्यायाम उताणे झोपून करायचा. दुसरा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवावे, म्हणजे कंबरेवर ताण येत नाही, आणि व्यायामाचा पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर वर उचलून हळूहळू खाली आणावा. कुशीवर वळून वरचा पाय सरळ ठेवून बाजूने उचलणे हा तिसरा व्यायाम. याचा गुडघ्याशी काय संबंध, असे अनेक जण विचारतात. चालताना शरीराचा भार एका पायावर येतो, त्या क्षणी खुब्याच्या बाजूचे स्नायू कंबर सरळ धरून ठेवतात. ते अशक्त असतील तर चाल बिघडते आणि गुडघ्याला वेडावाकडा ताण सोसावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचा व्यायाम मात्र खुर्चीतून उठणे आणि बसणे हाच आहे. मजबूत, न घसरणारी खुर्ची भिंतीला लावावी, बसताना धप्पकन न बसता तीन आकडे मोजत खाली जावे आणि हातांचा आधार शक्य तितका कमी घ्यावा. खुर्ची बुटकी वाटत असेल तर सुरुवातीला वर घडी केलेली चादर ठेवून उंची वाढवावी आणि जमू लागले की ती काढून टाकावी. ओट्याला धरून टाचा उचलणे आणि घरातल्या एका पायरीवर चढ-उतार करणे, हे त्यानंतर जोडावेत. प्रत्येक व्यायामाची ८ ते १२ आवर्तने, अशा दोन किंवा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेका दिवसाची विश्रांती, एवढी मात्रा पुरते. बारा आवर्तने सहज होऊ लागली, की घोट्याला अर्ध्या किलोचा वाळूचा पट्टा बांधावा किंवा रबरी पट्टा वापरावा. इथेच बहुतेकांची गाडी अडते. वर्षभर तोच पाय तितकाच उचलत राहिल्यास स्नायूला बळकट होण्याचे कारणच उरत नाही.

दुखल्यावर थांबायचे की नाही, याचा एक साधा दंडक आहे. दुखणे शून्य ते दहा अशा मापाने मोजावे. व्यायामाच्या वेळी ते पाचपर्यंत गेले तरी चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलेच पाहिजे. आले नाही तर आवर्तने किंवा वजन कमी करावे, पण व्यायाम बंद करू नये. आई नेमके हेच उलटे करीत आहेत : दुखले की सगळे थांबवतात आणि आठवड्याने पुन्हा पहिल्याच जोमाने सुरू करतात, त्यामुळे स्नायूला प्रत्येक वेळी पहिल्या पायरीवरून निघावे लागते. गुडघा गरम आणि सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे.

फरक जाणवायला सहा आठवडे आणि चांगला फरक पडायला सुमारे बारा आठवडे लागतात. सुरुवातीचे काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करणे चांगले. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ग्लॅड नावाचा उपक्रम चालतो, तो दक्षिण डेन्मार्क विद्यापीठातल्या संशोधकांनी सुरू केला. त्यात रुग्णांना आधी आजार समजावून सांगतात आणि मग आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, गटात व्यायाम करून घेतात. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. सोसायटीच्या हॉलमध्ये, महिला मंडळात असा गट सहज चालू शकेल, आणि एकटीने करण्यापेक्षा चार जणींबरोबर केलेला व्यायाम टिकतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझे वय ५२, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. सगळे सांगतात, ‘वजन कमी करा, गुडघे दुखायचे आपोआप थांबतील.’ पण गुडघ्यांमुळे चालताच येत नाही, तर वजन कमी कसे करू? सोमवार आणि गुरुवार असे दोन उपवास करते, तरीही काटा हलत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३४ च्या आसपास येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा वजन कमी करण्याचा सल्ला योग्यच आहे. ‘आपोआप’ हा शब्द तेवढा वगळावा. वजन प्रामुख्याने ताटातून कमी होते, चालण्यातून थोडे. म्हणून चालता येत नाही हा अडथळा वाटतो तेवढा मोठा नाही.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात ५५ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या, वजन जास्त असलेल्या ४५४ गुडघेदुखीच्या रुग्णांवर दीड वर्ष अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी केवळ व्यायाम केला त्यांचे वजन दोन किलोही उतरले नाही. ज्यांनी आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळले त्यांचे सरासरी साडेदहा किलो उतरले आणि दुखणे जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच संशोधकांनी त्याआधी असे मोजले होते, की शरीराचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. आपण १० टक्के, म्हणजे ८ किलो उतरवलेत, तर दर पावलाला ३२ किलो भार कमी होईल. दिवसाला तीन-चार हजार पावले धरली तरी याचा अर्थ काय होतो, ते आपल्या लक्षात येईल. ८ किलोंसाठी सहा ते आठ महिने द्यावेत.

उपवासांविषयी स्पष्ट लिहितो. श्रद्धेने केलेल्या उपवासाला माझा विरोध नाही, पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वेफर्स आणि वर शेंगदाण्याचा लाडू हा वजन उतरवण्याचा आहार नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात तूप आणि दाण्याचे कूट पडले, की बशीभर खिचडीत भाकरी-उसळीच्या जेवणाहून कमी उष्मांक नसतात. उपवास करायचाच असेल तर ताक, फळे आणि थोड्या वरीच्या भातावर करावा.

घरातले तेल मोजावे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३३ मिलिलिटर, म्हणजे २७० हून अधिक उष्मांक केवळ तेलाचे येतात. ते निम्म्यावर आणले तर कोणाचेही पोट रिकामे राहत नाही. फोडणीत बुधला उलटा करण्याऐवजी चमच्याने तेल घालावे, एवढाच बदल. दुपारच्या चहाबरोबरची खारी आणि बिस्किटे, रात्री उशिराचे जेवण, सणावारी उरलेले गोड ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून खाणे, हे प्रत्येकीने आपापल्या घरात तपासावे. दुसरीकडे प्रथिने कमी होऊ देऊ नयेत, कारण नुसते खाणे घटवल्यास चरबीबरोबर स्नायूही जातात आणि गुडघ्याला ते परवडणारे नाही. आपल्यासाठी दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिने पुरतील. वाटीभर दाट उसळ किंवा पिठले, दही-ताक, पनीर, चालत असल्यास अंडी व मासे, असे काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर आहार घटवण्यापूर्वी त्यांची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागू शकते, अन्यथा साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

चालण्याऐवजी जागेवरची सायकल उंच सीट ठेवून चालवावी, किंवा दहा-दहा मिनिटांचे तीन फेरफटके मारावेत. अलीकडे वजन उतरवण्याच्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाविषयीही विचारणा होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लठ्ठपणा व गुडघेदुखी दोन्ही असलेल्या ४०७ जणांवरील अभ्यासात त्याने सरासरी सुमारे १४ टक्के वजन उतरले आणि दुखणेही स्पष्टपणे कमी झाले. औषध खरे आहे, महाग आहे, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे आहे. ते घेणाऱ्यांना स्नायूंचा व्यायाम अधिकच आवश्यक ठरतो.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा शेतकरी आहे. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी जातो. गेल्या वारीत उजवा गुडघा फार दुखला. रोज दोन गोळ्या खाऊन चाललो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. पुढची वारी सोडावी का?
— एक वारकरी, फलटण तालुका

उत्तर : वारी सोडण्याची गरज नाही, पण तयारीशिवाय निघू नये. एरवी दिवसाला चार-पाच किलोमीटर चालणारा माणूस एकाएकी रोज पंधरा-वीस किलोमीटर चालू लागला, आणि पुणे ते सासवड या दिवे घाटाच्या टप्प्यात तर तीसच्या आसपास, तर निरोगी गुडघाही तक्रार करील. गुढीपाडव्यापासून आळंदीच्या प्रस्थानापर्यंत, अधिक महिना नसेल तर, पावणेतीन महिने मिळतात, आणि स्नायूंना एवढाच काळ लागतो. वर दिलेले व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. चालणे दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत शेवटच्या महिन्यात बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत न्यावे, आणि त्यात लागोपाठ दोन दिवस मोठे चालण्याचा सराव असावा, कारण वारीत दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळतेच असे नाही. शेतातली मेहनत हा पायाचा व्यायाम आहेच, असे आपण म्हणाल. तिने अंग चिवट होते, पण मांडीच्या स्नायूला टप्प्याटप्प्याने वाढता भार त्यातून मिळत नाही.

उजवा गुडघा दुखत असल्यास काठी डाव्या हातात धरावी. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा फायदा गमावतात. वारीसाठी घेतलेले नवे बूट निदान महिनाभर आधीपासून वापरावेत.

गोळ्यांबाबत मात्र कडक शब्दांत सांगतो. रक्तदाबाची औषधे, विशेषतः लघवी वाढवणारी, चालू असताना उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत, रोज डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणे मूत्रपिंडांसाठी धोक्याचे आहे. प्रस्थानापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून कोणती गोळी चालेल ते विचारावे. गुडघ्याला लावायचे वेदनाशामक जेल हा त्यामानाने सुरक्षित पर्याय आहे. एवढे करूनही गुडघ्याने साथ दिली नाही, तर काही टप्पे वाहनातून करावेत किंवा पालखी फलटणला आली की तिथून सोबत निघावे.

प्रश्न : ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, पीआरपीचे इंजेक्शन, नी-कॅप, तेलाचे मालीश, ड जीवनसत्त्व यांपैकी काय घ्यावे?
— तीन पत्रांतील एकत्रित प्रश्न

उत्तर : ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या सांध्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, आणि एकंदर रुग्णांत ही औषधे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातील घटकांचे इंजेक्शन. ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या २०२१ मधील अभ्यासात ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाहून अधिक उपयोगी आढळले नाही, तरीही त्यासाठी हजारो रुपये मोजले जातात. ड जीवनसत्त्व तपासणीत कमी आढळल्यास अवश्य घ्यावे, पण गुडघ्यावरचा इलाज म्हणून नव्हे. मालीश सुखद असते, करावे. नी-कॅपने ऊब आणि धीर मिळतो, म्हणून प्रवासात वापरायला हरकत नाही, मात्र दिवसभर घालून बसू नये. हा सारा खर्च एकत्र केला, तर तेवढ्यात चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन महिने जाता येते.

प्रश्न : वडिलांचे वय ७१ आहे. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याचा, तर दुसऱ्यांनी थेट सांधा बदलण्याचा सल्ला दिला. तिसरे म्हणतात, व्यायाम करा. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : केवळ झिजेसाठी दुर्बिणीतून सफाई करून घेऊ नये. ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खरी सफाई केलेले आणि केवळ त्वचेला छेद देऊन टाके घातलेले रुग्ण यांच्या दुखण्यात फरक आढळला नाही.

सांधेबदलाची गोष्ट वेगळी आहे. योग्य रुग्णाला ती शस्त्रक्रिया नवे आयुष्य देते. डेन्मार्कमध्ये सांधेबदलास पात्र असलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले गेले. सर्वांना बारा आठवडे व्यायाम, आहार आणि मार्गदर्शन मिळाले, पण एका गटाची त्याआधी शस्त्रक्रिया झाली होती. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रियेच्या गटाला अधिक आराम मिळाला, पण गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात अधिक झाल्या. दुसऱ्या गटालाही लक्षणीय आराम पडला आणि वर्षभरात त्यांतील २६ टक्के रुग्णांनीच शस्त्रक्रिया करून घेतली.

म्हणून वडिलांनी आधी तीन महिने नीट, देखरेखीखाली व्यायाम करावा आणि वजन जास्त असल्यास ते उतरवावे. त्यानंतरही रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, घराबाहेर चार पावले चालणे अशक्य होत असेल किंवा पाय वाकडा होत चालला असेल, तर वयाकडे पाहून शस्त्रक्रिया टाळत बसू नये. मध्यंतरी केलेला व्यायाम त्या वेळीही उपयोगी पडतो, कारण शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उभे राहायचे ते त्याच मांडीच्या बळावर. तारीख ठरल्यास रक्तातील साखर आटोक्यात आहे का आणि दातांत किंवा लघवीत कुठे जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी तपासून घ्यावे. तसेच घरात कमोडची आणि उंच खुर्चीची सोय करून ठेवावी, कारण सांधा बदलल्यावर मांडी घालून जमिनीवर बसू नये, असेच बहुतेक सर्जन सांगतात.